पाजणं आणि पिणं : तोटी, नळी आणि मुठीचा इतिहास

आजची पोस्ट एका छोट्या प्रश्नावर आहे. ज्याचा हात पेल्यापर्यंत पोचत नाही, किंवा पोचला तरी पेला धरू शकत नाही, तो माणूस आजवर पाणी कसा पीत आला?

मराठीत यासाठी दोन क्रियापदं तयारच आहेत. पिणं आणि पाजणं. 'मी पाणी पितो' यात कर्ता मी आहे. 'त्याला पाणी पाजलं' यात कर्ता दुसराच कोणीतरी आहे आणि तहानलेला माणूस वाक्यात 'त्याला' होऊन बसलाय. तान्ह्या बाळाला आपण दूध पाजतो, गुरांना पाणी पाजतो, शेवटच्या घटकेला माणसाच्या तोंडात दोन थेंब घालतो. म्हणजे आयुष्याच्या दोन्ही टोकांना पाजणं आहे आणि मधला सगळा काळ पिण्याचा. हात, मान किंवा ओठ साथ देत नाहीत अशा माणसाच्या वाट्याला मात्र मधल्या काळातही पाजणंच येतं.

तोटीचा कप, वाकणारी नळी, दोन कानांचा मग, जाड मुठीचा पेला ही सगळी साधनं या दोन क्रियापदांच्या मधे उभी आहेत. प्रत्येक साधनाला एकच प्रश्न विचारायचा: घोट किती आणि कधी, हे कोण ठरवतं? पिणारा की पाजणारा? माझ्या मते या वस्तूंचा इतिहास लिहायचा तर तो या प्रश्नावर लिहावा. शोधांची यादी करून तो हाती लागत नाही.

जळगाव-धुळ्याकडच्या वाचकाला हा विषय लांबचा वाटायचं कारण नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. अशा दिवसात धडधाकट माणूस माठाकडे दहा वेळा उठून जातो. ज्याला उठता येत नाही तो दहा वेळा हाक मारत नाही. हाक मारायला संकोच वाटतो, आणि प्यायलेल्या पाण्यामुळे पुढे लघवीला नेण्यासाठीही कोणाला तरी बोलवावं लागतं. म्हणून अनेक जण मुद्दाम कमी पाणी पितात. तब्येतीवर होणारा त्याचा परिणाम वेगळा सांगायला नको.

तोटी दिसली म्हणून आजारी माणूस दिसत नाही

सुरुवात मातीपासून करू. गिरणाकाठचं बहाळ (चाळीसगाव तालुका) आणि तापी-गोमाई संगमावरचं प्रकाशे ही खान्देशातली दोन महत्त्वाची उत्खननस्थळं. दोन्ही ठिकाणचं काम १९५० च्या दशकात झालं, बहाळला म. न. देशपांडे, प्रकाशाला बी. के. थापर. प्रकाशे आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, तेव्हा पश्चिम खानदेशात होतं. दोन्हीकडे ताम्रपाषाण काळातली जोर्वे पद्धतीची खापरं मिळाली. जोर्वे हे संगमनेरजवळचं गाव, त्यावरून हे नाव पडलं. या लाल, पातळ, भाजून खणखणीत झालेल्या भांड्यांत एक आकार पुन्हा पुन्हा भेटतो: खांद्यावर तोटी असलेलं भांडं. काळ ढोबळमानाने तीन हजार वर्षांपूर्वीचा.

आता मोह होतो. तोटी आहे, म्हणजे आजाऱ्याला पाणी पाजायचं भांडं असणार! सिनॉप्सिसमध्ये असं वाक्य फार छान दिसतं. पण थांबा. तोटी तेल ओतायला लागते, दूध ओतायला लागते, पूजेत धार धरायला लागते. आकारावरून वापर सिद्ध होत नाही.

मग सिद्ध कशाने होतो? याचं चांगलं उदाहरण जर्मनीतलं आहे. बव्हेरियातल्या प्राचीन दफनांत लहान तोटीची भांडी सापडत होती. ती बाळांची, की आजारी-वृद्ध माणसांची, हा वाद बरीच वर्षं चालला. २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला. लहान मुलांच्या दफनांत मिळालेल्या तीन भांड्यांच्या आतल्या भिंतीत मुरलेल्या स्निग्धांशाचं रासायनिक विश्लेषण केलं, तर ते रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधाचं निघालं. दफन कोणाचं आणि भांड्यात काय होतं, हे दोन्ही पुरावे जुळले तेव्हा कुठे म्हणता आलं की ही बाळांना दूध पाजायची भांडी होती. आणि हेही त्या तीन भांड्यांपुरतंच. बहाळ-प्रकाशाच्या तोटीबद्दल लिहिताना आपण एवढंच लिहायचं: द्रव एका बारीक धारेत आणायची युक्ती तापीखोऱ्यातल्या माणसाला माहीत होती. त्यापुढचं वाक्य पुरावा मिळाल्यावर.

बोंडलं आणि झारी

घराघरातल्या वस्तूंकडे आलं की जमीन जरा घट्ट लागते. बोंडलं आपल्या सगळ्यांना माहीत आहे: बाळाला दूध पाजायचं तोटीचं छोटं भांडं. बाळाच्या कौतुकात वाटी-चमच्याबरोबर चांदीचं बोंडलंही येतं. त्याची मोठी बहीण म्हणजे झारी. ती इतकी ओळखीची, की 'झारीतले शुक्राचार्य' हा वाक्प्रचारच झाला. बळीराजाच्या दानाचं पाणी अडवायला शुक्राचार्य तोटीत जाऊन बसले आणि दर्भाची काडी लागून डोळा गमावून बसले. गंमत बाजूला ठेवा, पण या कथेत तोटीचं अख्खं तंत्र आहे. तोटी म्हणजे धारेवरचा ताबा. तोंडाशी कोण बसलंय आणि भांडं कोणाच्या हातात आहे, यावर सगळं ठरतं.

दवाखान्यातला फीडिंग कप म्हणजे याच कुळातली वस्तू. अर्धं तोंड झाकलेला, बाजूला चोच असलेला कप. युरोपात चिनीमातीचे असे कप आजाऱ्यांसाठी घरोघर होते. आपल्याकडे आज मेडिकलमध्ये प्लास्टिकचे मिळतात. त्याचा मोठा फायदा असा की झोपलेल्या माणसाला अंगावर न सांडता पाणी देता येतं. तोटा मात्र त्याच तोटीत दडलेला आहे. कप पाजणाऱ्याच्या हातात असतो. त्याने थोडा जास्त कलवला की पाणी थेट घशाकडे जातं. पक्षाघातानंतर ज्याची गिळण्याची क्रिया मंदावली आहे, त्याचं पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू शकतं, आणि त्यातून फुफ्फुसाचा संसर्ग होतो. म्हणजे तोटीने सांडणं थांबवलं, पण घोटावरचा ताबा पिणाऱ्याला दिला नाही. आपल्या दोन क्रियापदांच्या हिशेबात तोटी अजून पाजण्याच्या बाजूलाच आहे.

वेगळं भांडं

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण आपल्या समाजात भांडं कधीच नुसतं भांडं नसतं. तांब्याला ओठ न लावता वरून पाणी पिणं ही आपल्याकडची जुनी रीत. उष्टं होऊ नये म्हणून. पण वरून प्यायला मान मागे टाकावी लागते, हात उंच धरावा लागतो आणि धार बरोबर झेलावी लागते. ज्याची मान वळत नाही किंवा हात थरथरतो त्याला ते जमत नाही. तो भांड्याला ओठ लावणार. मग त्याचं भांडं वेगळं होणार.

आणि 'वेगळं भांडं' या दोन शब्दांमागे केवढा इतिहास आहे! कुष्ठरोग्याचं भांडं वेगळं, क्षयरोग्याचं वेगळं, आणि ज्यांना अस्पृश्य ठरवलं त्यांच्यासाठी तर पाणवठाच वेगळा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लहानपणी प्रवासात पाणी न मिळाल्याचा प्रसंग आहे, आणि त्याच पुस्तकात खान्देशातलाही एक प्रसंग आहे. १९२९ साली सरकारी समितीचे सदस्य म्हणून ते धुळ्याला आले होते. परतताना चाळीसगावला उतरले. महाराला टांग्यात बसवून हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला नाही. हाकणारा नवखा होता. मोरीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडी रस्त्यावर फेकले गेले, पाय मोडला आणि काही दिवस ते अंथरुणाला खिळले. जात आणि शरीराची इजा या दोन गोष्टी इतिहासात अलग खणांत ठेवता येत नाहीत, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

आपल्या विषयात याचा अर्थ असा. एखाद्या जुन्या घरात 'आजोबांचा वेगळा पेला' मिळाला तर तो दोन कारणांनी वेगळा असू शकतो. त्याला कान आहे, तो हलका आहे, हाताला सोसतो म्हणून. किंवा घरच्यांना तो इतर भांड्यांत नको होता म्हणून. फळीवर दोन्ही पेले सारखेच दिसतात. एक सोय आहे, दुसरा बहिष्कार. कधीकधी एकाच पेल्यात दोन्ही असतं. हे वेगळं काढायचं काम वस्तू करत नाही. त्या माणसाला विचारावं लागतं.

नळी : ताबा ओठांकडे

नळीने पिणं फार जुनं आहे. मेसोपोटेमियाच्या मुद्रांवर माणसं लांब नळ्यांनी मोठ्या घड्यातून बिअर पिताना दिसतात. वर तरंगणारा कोंडा तोंडात येऊ नये ही त्यामागची सोय. आपल्याकडच्या मुलांना पपईच्या पानाचा पोकळ देठ माहीत आहेच. पण सरळ नळीची अडचण अशी की तिच्याकडे वाकावं लागतं. अंथरुणावरच्या माणसाला तेच जमत नाही. म्हणून रुग्णालयांत काचेच्या वाकवलेल्या नळ्या वापरत. त्या फुटायच्या आणि दर वेळी उकळाव्या लागायच्या.

अमेरिकेत जोसेफ फ्रीडमन या माणसाने सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दुकानात आपल्या लहान मुलीला उंच ग्लासातला मिल्कशेक सरळ नळीने पिताना धडपडताना पाहिलं. त्याने कागदी नळीत स्क्रू घातला, बाहेरून दोरा आवळून आट्यांचा ठसा उमटवला आणि स्क्रू काढून घेतला. नळी वाकायला लागली. १९३७ मध्ये पेटंट मिळालं. कंपनी उभी राहिल्यावर १९४७ मध्ये पहिली विक्री झाली ती रुग्णालयाला. लहान मुलीसाठी केलेली वस्तू आधी रुग्णांकडे पोचली आणि मग हॉटेलात सगळ्यांकडे.

वाकणारी नळी महत्त्वाची का? कारण इथे पहिल्यांदा ताबा पिणाऱ्याच्या ओठांकडे आला. ओढलं तर पाणी येतं, थांबलं तर थांबतं. पेला कोणी भरून ठेवला, नळी तोंडाशी वळवून ठेवली, की पुढचा तासभर कोणाला हाक मारायची गरज नाही. 'पाजणं' इथे 'पिणं' झालं. अर्थात ओठ घट्ट मिटता येत असतील तरच. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली असेल तर नळी उपयोगी पडेलच असं नाही. कोणाला काय योग्य, हे ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा गिळण्याच्या तपासणीतले तज्ज्ञ ठरवतात. लेख वाचून ते ठरवू नका.

मूठ : ताबा हाताकडे

तिसरं कुळ हाताचं. इथे कुष्ठरोगाच्या इतिहासाशिवाय पुढे जाता येत नाही. कुष्ठरोगात नसा बाधित झाल्या की हाताची संवेदना जाते आणि बोटं वाकतात. स्टीलच्या ग्लासात गरम चहा दिला तर आपण लगेच 'आई गं' म्हणून ग्लास खाली ठेवतो. संवेदना गेलेला माणूस तो धरून बसतो, आणि हात भाजल्याचं त्याला फोड आल्यावर कळतं. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले. त्यांच्या कामातून हे ठळक झालं की बोटं 'गळून' पडत नाहीत. न जाणवलेल्या जखमा आणि भाजण्यामुळे ती झिजतात. मग इलाज शस्त्रक्रियेइतकाच वस्तूंमध्येही आला: अवजारांच्या मुठी जाड करा, उष्णता आणि हात यांच्यामध्ये काहीतरी घाला. कपाला लाकडी मूठ, ग्लासाला कापडाची वेटोळी, चार बोटं एकत्र अडकतील एवढा मोठा कान, या साध्या गोष्टींनी हात वाचतो.

महाराष्ट्रात या विचाराला शिक्षणाचं रूप आलं ते १९५० मध्ये. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची देशातली पहिली शाळा सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या कमला निंबकर मूळच्या अमेरिकेतल्या एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इथे आल्या आणि हे शास्त्र अमेरिकेत शिकून परत आल्या. १९५५ मध्ये हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. रुग्णाचा स्नायू बरा करणं हे एक काम. तो स्नायू बरा झाला नाही तरी माणसाला स्वतः चहा पिता यावा म्हणून कप बदलणं हे दुसरं. दुसरं कामही उपचारच आहे, हे या संस्थांनी शिकवलं. पण जळगावहून मुंबई चारशे किलोमीटरच्या वर आहे. इतक्या लांबचं ज्ञान खान्देशातल्या खेड्यात पोचेपर्यंत कप बदलायचं काम आई, सून आणि भाऊ यांनाच करावं लागणार. म्हणून आपला पुरावाही घरांतच शोधायला हवा.

कागदात हा माणूस का सापडत नाही?

आता तुमच्या कामाचा भाग. दप्तरखान्यात हा विषय शोधायला गेलात तर बहुधा रिकाम्या हाताने परत याल. त्याला कारण आहे. १८८१ ते १९३१ च्या जनगणनांत चारच प्रकारची व्यंगं मोजली जात: वेड, मूकबधिरपणा, अंधत्व आणि कुष्ठरोग. हात किंवा पाय निकामी असलेला माणूस त्या रकान्यात नव्हताच. पुढे कित्येक दशकं प्रश्नच गाळला गेला. १९८१ मध्ये तो आला, १९९१ मध्ये पुन्हा गेला, २००१ मध्ये पाच प्रकारांनी आणि २०११ मध्ये आठ प्रकारांनी परत आला. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मान्य केले. त्यात पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरॉसिस, मस्क्युलर डिस्ट्रॉफी ही नावं आली. यातल्या प्रत्येकात पेला धरण्याचा प्रश्न येऊ शकतो.

दुसरी अडचण शब्दांची. 'दिव्यांग' हा शब्द टाकून शंभर वर्षांपूर्वीचं काही सापडणार नाही. लुळा, पांगळा, थोटा, महारोगी, रक्तपिती हे शब्द आज आपण वापरत नाही आणि वापरूही नयेत, पण जुन्या कागदात शोधायचं तर तेच टाकावे लागतील. वस्तूंचंही तसंच. 'सहायक साधन' शोधू नका. तोटी, झारी, बोंडलं, नळी, कान शोधा. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ (स्थापना १९२७) आपल्या हाताशी आहे. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय तर रोजच्या वापरातल्या वस्तूंसाठीच ओळखलं जातं. तिथे जाताना लक्षात ठेवा: वस्तूच्या नोंदीत धातू, आकार आणि ठिकाण असतं, कोणाच्या हातासाठी ती बनली, हे सहसा नसतं.

हा इतिहास संपलेला नाही

१ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. यादीत स्ट्रॉ आहे. प्लास्टिकचा कचरा हा खरा प्रश्न आहे, त्याबद्दल वाद नाही. पण इंग्लंडमध्ये २०२० मध्ये अशीच बंदी आली तेव्हा अपंग व्यक्तींसाठी वाट ठेवली गेली: औषधाच्या दुकानात स्ट्रॉ मिळेल, हॉटेलात मागितल्यावर देता येईल. आपल्या नियमात कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकला सूट आहे, अपंग व्यक्तींसाठी वेगळी तरतूद नाही. पर्याय आहेत, पण प्रत्येकाची अडचण आहे. कागदी नळी गरम चहात लोळागोळा होते. स्टीलची नळी वाकत नाही, आणि ज्याचे दात अचानक आवळले जातात त्याला ती इजा करू शकते. सिलिकॉनची मऊ असते, पण ती आतून धुवायला कोणाचा तरी हात लागतो. बघा, पुन्हा 'कोणाचा तरी हात'. एका नियमाने काही माणसं पिण्याकडून पाजण्याकडे मागे सरकू शकतात, आणि नियम करणाऱ्याच्या मनात तसं काही नसतंही.

सरकारी मदतीतही हीच दरी दिसते. साधनं देणारी केंद्राची एडीप योजना १९८१ पासून चालू आहे. तीनचाकी, कुबड्या, श्रवणयंत्र यांचे फोटो आपण वर्तमानपत्रात पाहतो. कुष्ठबाधितांसाठी रोजच्या वापरातल्या साधनांचा संचही तिच्यात आहे. पण पेल्याचा कार्यक्रम, पेल्याचा फोटो कधी पाहिलाय? चाक दिसतं, घोट दिसत नाही.

तुम्ही या विषयावर काम करणार असाल तर

विषय छोटा घ्या. 'खान्देशातील दिव्यांगांचा इतिहास' असं शीर्षक आरआरसीपुढे ठेवलंत तर पहिल्याच प्रश्नाला अडकाल. 'जळगाव तालुक्यातील वीस घरांमधील पाणी पिण्याची साधनं, १९८० पासून आजपर्यंत' हे करता येण्यासारखं आहे. प्रत्येक साधनाचं चित्र काढा, माप घ्या, वजन घ्या. ते विकत घेतलं की घरी बनवलं, आधी काय होतं, का बदललं, हे विचारा. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या 'मनोबल' प्रकल्पात दिव्यांग विद्यार्थी स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. आपल्याच वयाची ही मुलं-मुली माहितीचे 'स्रोत' म्हणून नकोत. असा अभ्यास सहकारी म्हणून त्यांनाच जास्त चांगला करता येईल.

आणि मुलाखतीला बसाल तेव्हा एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. तुम्ही प्रश्न खाटेवरच्या माणसाला विचारता आणि उत्तर शेजारी उभा असलेला भाऊ देतो: "त्याला ना, असंच आवडतं." भाऊ प्रेमानेच बोलतो. पण आपण तेच लिहून घेतलं तर पेल्याच्या बाबतीत जे झालं तेच शब्दांच्या बाबतीत होईल. थांबा. ज्याला प्रश्न विचारलाय त्याच्याकडे बघत राहा. बोलायला वेळ लागत असेल तर लागू द्या. रेकॉर्डर चालू आहे, बॅटरीही भरपूर आहे.